रेव्हरंड टिळक : बाप्तिस्म्यानंतरची लढाई

मराठी शाळेत शिकलेल्या कित्येक पिढ्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात ते एका पक्षिणीमुळे. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता पाठ्यपुस्तकात असे. माणसाच्या क्रौर्याने घायाळ झालेली एक पक्षीण पिलांसाठी चोचीत शेवटचा घास घेऊन घरट्याकडे निघते. वाटेत कोसळते, पुन्हा पंख सावरते आणि घास पोचवूनच प्राण सोडते. वर्गात ती कविता वाचताना डोळे पुसलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, कोसळण्याचा आणि सावरण्याचा हा अनुभव कवीला परका नव्हता. फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्राने ज्याला गौरविले, त्या माणसाच्या अंतःकरणात अखेरपर्यंत एक युद्ध चालू होते. ते स्वतःच्या रागाशी, अस्थिरपणाशी, अहंकाराशी आणि मनाच्या भित्रेपणाशी होते.

धर्मांतराच्या कथा बहुधा एका क्षणापाशी येऊन थांबतात. अंधार होता, मग प्रकाश पडला आणि सारे काही बदलले, असा त्यांचा साचा असतो. टिळकांचे चरित्र या साच्यात बसत नाही. त्यांच्या आयुष्यात प्रकाशाचा क्षण आला, हे खरे. पण त्यानंतरची चोवीस वर्षे ते त्या प्रकाशात चालायला शिकत होते. श्रद्धा असूनही मोह का होतात, प्रार्थना करूनही राग का येतो, या प्रश्नांनी खचून जाणाऱ्या श्रद्धावंताला या चोवीस वर्षांत फार मोठा दिलासा सापडतो.

घर सोडलेला मुलगा

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने ते कमालीचे कठोर. आई जानकीबाई मात्र मृदू, भाविक आणि काव्याची आवड असणारी. मुलाचा सारा जीव आईमध्ये होता. ती तो अजाणत्या वयाचा असतानाच गेली आणि घरातील मायेचा एकमेव आधार तुटला. वडिलांच्या कठोरपणाखाली राहणे असह्य होऊन नारायणने घर सोडले आणि तो नाशिकला आला.

नाशिकमध्ये गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे त्याला संस्कृत शिकता आले. बुद्धी तल्लख होती, पाठांतर दांडगे होते आणि कविता जिभेवर खेळत होती. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र अर्धवट राहिले. धाकट्या भावंडांचा भार अंगावर आल्यामुळे कोवळ्या वयातच पोटामागे लागावे लागले. 1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. लग्नाच्या वेळी ती अवघी अकरा वर्षांची होती. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या याच.

टिळकांचा स्वभाव आपल्याला कळतो तो मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून. पतीविषयी इतके प्रेमाने आणि तरीही इतके निर्भीडपणे मराठीत क्वचितच कुणी लिहिले असेल. त्यांच्या आठवणींतून दिसणारे टिळक शीघ्रकवी आहेत आणि शीघ्रकोपीही. राग आला की भान सुटायचे. तो ओसरला की पश्चात्तापही तितकाच उत्कट असायचा. पैसा हाती टिकत नसे, कारण समोर गरजू दिसला की हात आखडता घेणे त्यांना जमत नसे. घरात उद्याची तजवीज आहे की नाही, हा विचार मागाहून येई. शिक्षकाची नोकरी, कीर्तन, पुराण, व्याख्याने असे करीत ते गावोगाव फिरले. एका ठिकाणी फार काळ पाय ठरत नव्हते. मनात आले की कुणाला न सांगता निघून जाणे हाही त्यांच्या स्वभावाचा एक भाग होता. मागे राहिलेल्या पत्नीने दिवस कसे काढले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पहिली अपत्ये बालपणीच दगावली, तेव्हाच्या दुःखाने ही अस्वस्थता अधिकच वाढवली.

दोन वर्षांचे अरण्य

नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. धर्माचा अभ्यास जसजसा वाढत गेला, तसतशी मनातील प्रश्नांची धार वाढत गेली. जातिभेदाने देशाचे जे झाले आहे ते त्यांना सलत होते. सर्व माणसांचा पिता एकच असेल, तर माणसामाणसांत स्पर्शाचाही विटाळ का, या प्रश्नाने त्यांना ग्रासले होते. नवा धर्मच स्थापन करावा, अशी कल्पनाही त्यांच्या मनात घोळत होती.

अशा मनःस्थितीत 1893 मध्ये नोकरीच्या निमित्ताने ते आजच्या छत्तीसगडमधील राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. काव्यावरून निघालेले बोलणे धर्मावर आले. निरोप घेताना त्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पुस्तक वाचण्याचे वचन मात्र त्यांनी पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते पोचले आणि तेथून त्यांना पुढे जाववेना. शत्रूवर प्रेम करावे, रागाला मनातच आवर घालावा, दान गुप्त असावे, उद्याची चिंता करू नये, ही शिकवण जणू त्यांच्याच स्वभावाची नाडी धरून कुणी सांगत होते. इतकी वर्षे ज्यांची उत्तरे ते शोधत होते ते प्रश्न एका बाजूला राहिले आणि त्या शिकवणीसमोर आपण स्वतः कुठे उभे आहोत, हा नवाच प्रश्न पुढे आला.

येथून पुढची दोन वर्षे टिळकांच्या आयुष्यातील पहिली मोठी परीक्षा होती. बुद्धीला पटले होते, अंतःकरणाने कौल दिला होता, पण पाऊल उचलत नव्हते. मनातल्या मनात ख्रिस्ताला गुरू मानावे, बाहेर सारे पूर्ववत चालू द्यावे, हा मार्ग मोकळा होता आणि तो सोयीचाही होता. त्यात पत्नीला दुःख देण्याचा प्रश्न नव्हता, तान्ह्या मुलाची ताटातूट नव्हती, नोकरी जाण्याची भीती नव्हती. काही काळ त्यांनी तसेच केले. नाव न उघडता ते ख्रिस्ती नियतकालिकांशी आणि मुंबईच्या डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार करीत राहिले.

ख्रिस्ती परंपरेत मोहाचे आद्य चित्र आहे ते अरण्यातील चाळीस दिवसांचे. उपाशी येशूपुढे सैतान प्रथम भाकरीचा प्रश्न ठेवतो. त्या कथेत मोह कुरूप चेहऱ्याने येत नाही. तो रास्त गरजेच्या रूपाने येतो. टिळकांपुढेही तो तसाच आला. पत्नीवरील प्रेम, मुलाची काळजी, पोटाची विवंचना यांतील कोणतीही गोष्ट वाईट नव्हती. पण या चांगल्या गोष्टी एकवटून एका सत्याला दाराबाहेर थांबवून ठेवत होत्या. अंतरीची आणि बाहेरची वाट निराळी ठेवून जगणे हळूहळू असह्य झाले. नाव उघड झाले, लोकांचा रोष ओढवला, आणि अखेर टिळक मुंबईला आले.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता एका भारतीय धर्मगुरूच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी तो दिला. ख्रिस्ताचे शिष्य होताना आपण या मातीचे राहणार आहोत, हे टिळकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. तेव्हा ते 33 वर्षांचे होते.

रिकाम्या घरातील विश्वास

ही बातमी लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखी कोसळली. त्या काळी धर्मांतर करणारा माणूस आप्तांच्या दृष्टीने जिवंतपणीच मेलेला ठरे, आणि त्याची पत्नी ना सधवा ना विधवा अशा अवस्थेत अडके. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरातही त्यांनी काढला. त्यांच्या दुःखाला त्याच दिवसांत कवितेची वाट फुटली.

टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की या माणसाला हवे ते मिळाले. वस्तुतः आयुष्यातील सर्वांत मोठा एकाकीपणा याच वेळी त्यांच्या वाट्याला आला. जुने मित्र दुरावले होते, नवे समाजजीवन अनोळखी होते आणि घर रिकामे होते. देवाची हाक ऐकून निघालेल्या माणसाला देवाने असे एकटे का टाकावे, हा प्रश्न अशा घरात रात्रीच्या वेळी पडल्यावाचून राहत नाही.

सुटकेचा एक कायदेशीर मार्ग उपलब्ध होता. 1866 मध्ये झालेल्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने साथ सोडली तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयातून विवाह रद्द करून घेता येत असे आणि दुसरा विवाह करता येत असे. टिळक तरुण होते, विद्वान होते, ख्रिस्ती समाजात त्यांना मान होता. नवा संसार मांडणे अवघड नव्हते, आणि कुणी दोषही दिला नसता. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले, संधी मिळेल तेव्हा भेटीला जात राहिले आणि वाट पाहत राहिले. एकेकाळी घडीभर एका जागी न ठरणारा, मनात येताच घर सोडून निघून जाणारा हा माणूस आता दुसऱ्या कुणाच्या परतण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत होता. त्यांच्यात घडलेला बदल मोजायचा असेल, तर बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा या प्रतीक्षेकडे पाहावे.

चार-साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या. आल्या त्या आपले सोवळे, आपली वेगळी चूल आणि आपला धर्म घेऊन. टिळकांनी ते सारे मान्य केले. आपला विश्वास पत्नीवर लादणे त्यांनी कटाक्षाने टाळले. ज्याच्या तोंडाला एकेकाळी धरबंध नव्हता, त्याने या एका बाबतीत मौन राखले. पुढे राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंचे स्वतःचेच विचारचक्र सुरू झाले. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाचा आहे, हे त्यांना आतून उमगले आणि प्रथम सोवळे गळाले. मग 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दुष्काळाच्या काळात अनाथ मुलांसाठी टिळकांच्या घराचे दार उघडे झाले, आणि ती मुले सांभाळण्यात लक्ष्मीबाईंचा वाटा मोठा होता. सावलीच्या विटाळाचे संस्कार घेऊन वाढलेल्या बाईच्या घरात आता कुणाचीही मुले जेवत होती.

मानाच्या शिखरावरील मोह

अरण्यातील कथेत भाकरीनंतर मंदिराचे शिखर येते. उपासमारीला न बधणारा माणूस कौतुकाला बधू शकतो, हे त्या कथेला ठाऊक आहे. टिळकांच्या आयुष्यातही संकटाचे दिवस सरल्यावर मानाचे दिवस आले. अहमदनगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासमवेत ते शिकवू लागले. 1904 मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. कवी म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. 'वनवासी फूल', 'सुशीला' ही काव्ये वाचली जात होती. स्वदेशप्रेमाच्या त्यांच्या कवितांनी सिद्ध केले होते, की ख्रिस्ती होण्याने माणूस देशाला पारखा होत नाही. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरविण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही उपाधी मिळाली. पुढे हा मुलगा टिळकांच्या घरी पोटच्या मुलासारखा राहिला. 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले.

बाहेरच्या जगाला दिसत होते ते हे. घरच्यांना दिसणारे टिळक अजूनही तेच होते. राग गेला नव्हता. पैसा अजूनही हाती टिकत नव्हता. मिशनरी मंडळींशी मतभेद झाले, की शब्दांना धार चढे. परदेशी मिशनने भारतीय ख्रिस्ती माणसाला कायम हाताखालचा ठेवू नये, हे त्यांचे म्हणणे न्याय्य होते; पण न्याय्य गोष्टीसाठी भांडतानाही माणसाचा अहंकार आपला वाटा काढून घेतो, याची जाणीव त्यांना स्वतःलाच होती. इतरांना प्रवचन देणाऱ्याला आपल्या वागण्यातील विसंगती अधिक बोचते. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याच बोचणीची कबुली दिली आहे, की जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच घडते. दोन हजार वर्षे ख्रिस्ती माणसाला या कबुलीने लाजही वाटली आहे आणि धीरही मिळाला आहे.

टिळकांचे वेगळेपण असे, की या विसंगतीवर पांघरूण घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. रागावले, की क्षमा मागायला ते मागेपुढे पाहत नसत. मग समोर पत्नी असो, मूल असो वा सहकारी. धर्मगुरूचे पद त्यांच्या आड येत नसे. क्षमायाचना ही त्यांच्या लेखी पराभवाची खूण नव्हती; तीच परतीची वाट होती. पाप झाले म्हणून देवापासून तोंड लपवावे, हा मोह मूळ पापापेक्षा मोठा असतो. आदामाने एदेन बागेत तेच केले होते. टिळक पडल्याबरोबर देवाकडेच वळत, आणि तेही काव्यातून.

त्यांची उत्तरायुष्यातील भक्तिगीते या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. 'अभंगांजली'तील ख्रिस्त हा लांबच्या सिंहासनावर बसलेला न्यायाधीश नाही. तो माउली आहे, सखा आहे, सद्गुरू आहे. त्याच्याशी रुसता येते, भांडता येते, त्याच्या पायाशी बसून रडता येते. ही भाषा त्यांना तुकोबांकडून मिळाली होती. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामाच्या वाटेने, असे ते कृतज्ञतेने मानीत. तुकोबांनी विठ्ठलासमोर आपले दोष जसे उघडे केले, तसे टिळकांनी ख्रिस्तासमोर केले. परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांत जे साधत नव्हते, ते ओवी-अभंगात साधले. कोकणातील करजगाव असो की धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट, मराठी मुलुखातल्या गावोगावच्या कानांवर भजन-कीर्तनाचे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या झालेले आहेत. त्या कानांना टिळकांचा ख्रिस्त पाहुणा वाटला नाही. मराठी चर्चमधील 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि दर रविवारी ती गाणाऱ्यांमध्ये आठवड्याभरात अनेकदा पडलेली आणि सावरलेली माणसे असतात.

या गीतांच्या रचनेतच टिळकांची साधना सामावलेली दिसते. मोहाशी झगडताना माणूस बहुधा मोहाकडेच टक लावून बसतो. राग आवरायचा, राग आवरायचा असे घोकत राहतो आणि त्यामुळे मनात रागच भरून राहतो. टिळकांनी मन ख्रिस्ताच्या सहवासाने भरण्याचा मार्ग धरला. उठता-बसता, वाटेने चालताना, काम करताना त्याच्याशी बोलत राहायचे. सवयीने जडलेले दोष अशा सहवासात एका दिवसात झडत नाहीत. पण ते घराचे मालक राहत नाहीत.

सर्वस्व सोडताना

अरण्यातील तिसरा मोह जगाच्या राज्यांचा होता. टिळकांकडे राज्य नव्हते, पण एक सुरक्षित स्थान होते. मिशनचे वेतन, संपादकपद, धर्मगुरूचा मान, साहित्यिक कीर्ती. साठीकडे झुकलेल्या, प्रकृतीने खालावत चाललेल्या माणसाने हे सारे जपावे, यात गैर काय होते? 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचा निर्णय जाहीर केला. भारताला ख्रिस्त समजावा, तर तो वेतनावर काम करणाऱ्या उपदेशकाकडून समजणार नाही, या देशाने नेहमीच निःसंग माणसावर विश्वास ठेवला आहे, ही त्यांची धारणा होती. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करण्यास प्रारंभ केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे, मग त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, असे ते एक कुटुंब असणार होते. जात, पंथ आणि परदेशी सत्ता यांच्या पलीकडचे भ्रातृमंडळ त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

तरुणपणी टिळक घर सोडून जात, तेव्हा त्यांच्या जाण्यात स्वतःच्या अस्वस्थतेखेरीज दुसरे कारण नसे. मागे कुणाचे काय होईल, याचा विचार त्यात नव्हता. 1917 च्या त्यागात मात्र पत्नीला टाकून जाणे नव्हते. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर साताऱ्याला होत्या. स्वभावातील तीच बेफिकिरी, तेच झोकून देणे आता एका हेतूला जुंपले गेले होते. देव माणसाचा स्वभाव मोडून नवा घडवीत नाही. आहे त्याच स्वभावाला दिशा देतो. हातचा पैसा गरजूला देऊन टाकणारे टिळक आणि वेतन सोडून देणारे टिळक हे एकाच व्यक्तीचे दोन काळ होते. दुर्गुण वाटणारी गोष्टही समर्पित झाली, की तिचे काय होऊ शकते, हे येथे दिसते.

'देवाचा दरबार' फार काळ चालवणे त्यांच्या नशिबी नव्हते. शरीर थकले होते. उपचारासाठी त्यांना मुंबईला आणण्यात आले आणि 9 मे 1919 रोजी तेथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. दफन हीच रीत असलेल्या समाजात ही इच्छाही बोलकी होती. आयुष्यभर ज्या मातीचे असल्याचा आग्रह धरला, तिची रीत त्यांनी शेवटच्या प्रवासातही सोडली नाही.

पुरे न झालेले काम

मोठ्या माणसांच्या चरित्रांतून विजयाच्या खुणा शोधण्याची आपल्याला सवय आहे. टिळकांच्या बाबतीत हिशेब मांडायचा, तर पुष्कळ रकाने रिकामे राहतील. दरबार रुजण्याआधीच संस्थापक गेला. भारतीय चर्च परदेशी छायेतून मोकळे व्हावे, हे स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. रागाने त्यांची पाठ पूर्णपणे कधी सोडली नाही.

तरीही आध्यात्मिक झगड्यात सापडलेल्या सामान्य माणसाला धीर द्यायचा असेल, तर निर्दोष संतापेक्षा हेच चरित्र अधिक उपयोगी पडते. आजच्या शहरी माणसापुढचे मोह टिळकांच्या काळापेक्षा वेगळ्या रूपात येतात. कार्यालयात बढतीसाठी एखादे असत्य खपवून घेणे, घरी आल्यावर दिवसभराचा राग मुलांवर काढणे, मनाला पटलेली गोष्ट लोक काय म्हणतील या भीतीने दडवून ठेवणे, आपल्या चांगुलपणाची जाहिरात करीत राहणे, ही रोजची उदाहरणे आहेत. पण त्यांचा गाभा तोच आहे. भाकरी, मान आणि सुरक्षितता या तीनच दारांनी मोह आत येतो. तो आला म्हणजे विश्वास खोटा ठरला, असे समजून अनेक जण हातपाय गाळतात, प्रार्थना सोडतात, चर्चची पायरी चढण्याचे टाळतात. ख्रिस्ती शिकवण असे म्हणत नाही. मोह होणे हे पाप नव्हे. खुद्द ख्रिस्तालाही तो झाला. मोहात पडणे हे पाप खरे, पण तोही शेवट नव्हे. पेत्राने एका रात्रीत तीनदा गुरूला नाकारले आणि तरीही पुढे मेंढरे सांभाळण्याचे काम त्याच्याकडेच आले. शेवट होतो तो माणूस परतायचे नाकारतो तेव्हा.

टिळकांकडून घेण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पटलेले सत्य फार काळ लपवून ठेवू नये, कारण दडवलेला विश्वास माणसाला आतून पोखरतो. सुटकेचा सोपा मार्ग कायद्याने दिला, तरी प्रेमाने तो नाकारता येतो. चूक झाली, तर क्षमा त्याच दिवशी मागावी. उशीर झाला, की अभिमान मध्ये येऊन बसतो. आणि झगडा एकट्याने करू नये. टिळकांच्या लढाईत लक्ष्मीबाई होत्या, घरात वाढणारी परकी मुले होती, बालकवींसारखा जीव लावणारा शिष्य होता, वाद घालूनही मैत्री न तोडणारे सहकारी होते. माणसांच्या या गोतावळ्याने त्यांना अनेकदा सावरले.

त्यांनी आणखी एक काम अपुरे ठेवले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत गाणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते; थोडेच अध्याय लिहून झाले आणि लेखणी थांबली. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला अक्षरओळख टिळकांनी करून दिली, ज्या बाईने त्यांच्या धर्मांतरानंतर वर्षानुवर्षे त्यांच्या घरात पाऊल टाकले नव्हते, तिने उतारवयात ती पोथी उघडली आणि एकेक अध्याय जोडत तिचा फार मोठा भाग लिहून काढला. 1936 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा समाप्तीचे थोडेसेच काम उरले होते. ते त्यांचे पुत्र देवदत्त यांनी केले.